कॅमेऱ्याची पिशवी



आपल्या छायाचित्र मंडळाकडे कॅमेरा आला, दोन भिंगे आली, एक तिपाई आली आणि पहिल्याच सभेत प्रश्न निघाला की, हे सारे ठेवावयाचे कशात? ‘माझं जुनं दप्तर आहे की, सर!’ असे म्हणून एका विद्यार्थ्याने तो प्रश्न निकालात काढला आणि सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीपायी माझे, आणि खरे म्हणजे आपल्या साऱ्या शाळेचे, एक नुकसान झालेले आहे. तुमच्यापैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असेल. म्हणून प्रथम ते सांगतो आणि मग पिशवी कशी निवडावी याचा विचार करू.

सन २०१६ च्या जुलै महिन्यात मी काही मित्रांसह बेळगावहून आंबोलीस गेलो होतो. आंबोलीचा पाऊस तुम्हांस सांगावयास नको. वर्षाकाठी सुमारे सातशे सेंटीमीटर पाऊस झेलणारे ते गाव. माझ्याजवळ त्या वेळी चांगली, बऱ्यापैकी महाग अशी पिशवी होती. आत जाड फोम, बाहेर मजबूत कापड, वरून पावसाचे आच्छादन. त्या दिवशी तिने आपले काम चोख केले. कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंबही पडला नाही. रात्री घरी आलो, दमलो होतो, पिशवीची चेन लावलेली होती, ती तशीच कपाटावर ठेवून दिली. पुढे श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. मी कामात होतो. दसऱ्याच्या सुमारास मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितले की, शाळेची जुनी कौलारू इमारत दिवाळीनंतर उतरवावयाची ठरली आहे. तत्पूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवा.

मी घरी येऊन पिशवी उघडली. एक कुबट वास आला. भिंग काढून खिडकीच्या उजेडासमोर धरले तो आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले. बुरशी! ती काचेच्या बाहेर नव्हती, की रुमालाने पुसून टाकावी. आतल्या दोन काचांच्या मध्ये होती. दुसरे भिंग मजजवळ नव्हते. तशा भिंगानेच मी छायाचित्रे घेतली. भर उजेडातली बरी आली; परंतु वर्गाच्या आतून, खिडकीच्या बाजूला तोंड करून घेतलेली सगळी धुरकट निघाली. खिडकीचा उजेड साऱ्या चित्रावर दुधासारखा सांडलेला. सभागृहातल्या भिंतीवर परीक्षांत पहिल्या आलेल्या मुलामुलींच्या नावांची लाकडी फळी होती, तिच्यावरची नावे त्या चित्रात वाचता येत नाहीत. एका स्नेह्याकडून भिंग उसने मिळेपर्यंत कौले उतरली होती, फळी कोठे गेली याचा पत्ता नव्हता. अजूनही अधूनमधून एखाद्या माजी विद्यार्थिनीचे पत्र येते : ‘माझ्या वडिलांचे नाव त्या फळ्यावर होते, छायाचित्र असल्यास पाठवावे.’ मी छायाचित्र पाठवितो, पण त्यात नाव नसते.

आता यात पिशवीचा दोष कोणता? पुष्कळ दिवस मी तिलाच बोल लावीत होतो. पण खरे पाहता पिशवीने मला दगा दिला नव्हता. मीच तिला भलते काम सांगितले होते. कॅमेऱ्याची पिशवी हे वाहन आहे, घर नव्हे. सामान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप नेणे, हवे तेव्हा चटकन हाती देणे, हे तिचे काम. महिनोन् महिने सामान सांभाळण्याचे काम तिचे नाही. बाजारात पिशवी घ्यावयास जाणारे बहुतेक लोक ती घर समजूनच घेतात. किती जाड फोम, किती कप्पे, किती घट्ट बंद होते हे पाहतात, आणि मग वाहन म्हणून ती जड होते व घर म्हणून ओलसर राहते.

ओलसर का राहते, हे थोडे हिशेबाने पाहू. पंचवीस अंश उष्णतामानाला हवा बाष्पाने पूर्ण भरली म्हणजे तिच्या एका घनमीटरात सुमारे तेवीस ग्रॅम पाणी मावते. आपली पिशवी वीस लिटरची धरा, म्हणजे घनमीटराचा पन्नासावा भाग. तेव्हा पिशवीतल्या हवेत पाणी असून असून किती असणार? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. एवढे पाणी सिलिका जेलची लहानशी पुडीही शोषून घेईल. मग भीती कसली? भीती हवेची नाही, कापडाची व फोमची आहे. भिजलेला खांद्याचा पट्टा, दमट अस्तर आणि स्पंजासारखा फोम ही सारी मिळून सहज पन्नास-शंभर ग्रॅम पाणी धरून बसतात. पन्नास ग्रॅम सिलिका जेल फार तर दहा-पंधरा ग्रॅम पाणी पिईल आणि थकेल. शिवाय चेनच्या दातांमधून बाहेरची दमट हवा सारखी आत येतच असते. बुरशीला याहून अधिक काय हवे? अंधार आहे, वारा नाही, ओल आहे. सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली म्हणजे ती रुजते, आणि रुजल्यावर जे आम्ल सोडते त्याने काचेवरचा नाजूक लेप कायमचा खरवडला जातो. कारागिराने भिंग उघडून बुरशी पुसली तरी कित्येकदा तिची नक्षी काचेवर उरते.

म्हणून पिशवी निवडण्याच्या अगोदरची खरेदी सांगतो. ती स्वस्त आहे. स्वयंपाकघरात पीठ किंवा फराळ ठेवण्याचा घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा. त्यात सिलिका जेलची शंभरेक ग्रॅमची पुरचुंडी आणि एक लहानसा आर्द्रतामापक ठेवावा. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असावा. फार कोरडेही नको, कारण आतले वंगण व रबर त्याने लवकर सुकते. हे कॅमेऱ्याचे घर. सिलिका जेलचे काही खडे निळे असतात व पाणी पिऊन गुलाबी होतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचे क्षार असतात व ते अपायकारक आहेत. ते खडे आईच्या कढईत मुळीच भाजू नयेत. नारिंगी रंगाचे खडे मिळतात, ते घ्यावेत. आणि तेही वाळवावयास वेगळे भांडे ठेवावे. सहल संपली की सामान डब्यात, आणि पिशवी चेन उघडून, आतल्या भिंती काढून, पंख्याखाली उलटी टांगावयाची. माझे वडील त्यांच्या आग्फा क्लिक-३ कॅमेऱ्याचे तपकिरी चामडी आवरण पावसाळा लागला की काढून वेगळे ठेवीत, याचे लहानपणी मला नवल वाटे. इतके सुंदर आवरण, आणि त्यातच कॅमेरा ठेवावयाचा नाही! चामडे ओल धरते व बुरशीचे माहेर होते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून समजलेले होते. त्यांच्या मुलाला मात्र एक भिंग गमावून समजले.

घराची व्यवस्था लागली म्हणजे पिशवीवरचा निम्मा भार उतरतो आणि ती कशी असावी याचा विचार मोकळेपणाने करता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे यादी. पण यादी ‘मजजवळ काय काय आहे’ याची करू नये. ‘एका दिवसाच्या कामाला काय लागते’ याची करावी. या दोन याद्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. दुकानात मोठी पिशवी पाहिली की मनाला मोह होतो. आज दोन भिंगे आहेत, उद्या चार होतील, तेव्हा आताच मोठी घेऊन ठेवू. मग त्या रिकाम्या जागेत पाण्याची बाटली जाते, डबा जातो, छत्री जाते, आणि पिशवी इतकी जड होते की पुढच्या वेळी ती घरीच राहते. घरी राहिलेल्या कॅमेऱ्याने आजवर एकही छायाचित्र घेतलेले नाही. आपल्या मंडळाचे उदाहरण घेऊ. कॅमेरा व त्यावरचे नेहमीचे भिंग मिळून सुमारे पाऊण किलो; दूरचे दाखविणारे भिंग आणखी तेवढेच; बॅटरी, चार्जर, कार्डे, पुसावयाचे कापड हे सारे पाव किलो. म्हणजे पावणेदोन किलो. याला दोन किलो वजनाची रिकामी पिशवी घेणे म्हणजे मुलाहून दप्तर जड करण्यासारखे आहे, आणि त्या दुःखाची माहिती तुम्हांस माझ्याहून अधिक आहे. सामानाच्या निम्म्याहून पिशवी जड नसावी, असा मी आपला एक ठोकताळा धरला आहे. तिपाई पिशवीत घालण्याच्या खटपटीस पडू नये. ती बाहेरून दोन पट्ट्यांनी बांधावी.

एकेकाळी मात्र अशी निवड करण्याची मुभाच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेवर ओला लेप देऊन छायाचित्र घेत. तो लेप सुकण्याच्या आत, म्हणजे काही मिनिटांतच, काच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, रसायनात धुवावी लागे. त्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारी खोलीच तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. वर काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात गेला तेव्हा त्याचे सामान वाहावयास तीसएक हमाल होते. लाला दीनदयाळ यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना १८७४ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला, तो याच ओल्या काचांच्या काळात. पुढे निजामांच्या हैदराबादेत त्यांनी मोठे नाव मिळविले. आज त्यांची चित्रे पाहताना त्यांमागे चाललेली माणसांची रांग आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

सुक्या काचा आल्या, मग फिल्म आली, आणि ते ओझे एका माणसाच्या खांद्यावर मावू लागले. भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या होमाई व्यारावाला दिल्लीत आपला कॅमेरा व सामान घेऊन सायकलवरून फिरत. स्पीड ग्राफिक नावाचा तो कॅमेरा आजच्या मानाने चांगलाच धिप्पाड. त्याच्या फिल्मच्या एका चौकटीत दोनच चित्रे निघत, म्हणून अशा चौकटीही बरोबर बाळगाव्या लागत. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या या बाईंनी १९७० मध्ये छायाचित्रण सोडले. पुढे त्या बडोद्यास राहिल्या व १५ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. बडोद्याच्या मराठी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल. साडी नेसून, सायकलवर, ते ओझे घेऊन त्या वेळेवर पोहोचत, ही गोष्ट ‘पिशवी जड आहे’ म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. मी स्वतः त्या कुरकुरणाऱ्यांतलाच आहे, हेही कबूल करतो.

दुसरा विचार पट्ट्याचा. वजन तेच असले तरी खांद्याला ते तेवढेच जाणवेल असे नाही. समजा, पिशवी चार किलोंची आहे व पट्टा खांद्यावर दहा सेंटीमीटर लांबीपर्यंत टेकतो. पट्टा अडीच सेंटीमीटर रुंद असेल तर पंचवीस चौरस सेंटीमीटर जागेवर चार हजार ग्रॅम भार पडला, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरावर एकशेसाठ ग्रॅम. पट्टा पाच सेंटीमीटर रुंद करा, तोच भार ऐंशी ग्रॅम होतो. बारीक दोरीने घागर उचलताना बोटे कापतात आणि उपरण्याने उचलताना कापत नाहीत, तीच ही गोष्ट. पट्टा शिवलेला असेल तेथे शिलाई पाहावी. चौकोन व त्यात फुली अशी दुहेरी शिलाई असावी. नुसत्या एका सरळ टाक्यावर लोंबणारा पट्टा आज ना उद्या सुटणार, आणि तो सुटेल तो गर्दीतच सुटेल.

पिशवी एका खांद्याची घ्यावी की पाठीवरची, यावर आपल्या मंडळात वाद झाला. पाठीवरची पिशवी वजन दोन्ही खांद्यांवर वाटून देते. डोंगर चढावयाचा असेल, राजहंसगडावर जावयाचे असेल, तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण कॅमेरा काढावयाचा तर ती उतरवावी लागते, जमिनीवर ठेवावी लागते, आणि जमिनीवर चिखल असतो. एका खांद्याची पिशवी कमरेशी राहते, झडप उचलली की हात आत. स्नेहसंमेलन, मिरवणूक, क्रीडास्पर्धा यांना तीच बरी. दिवसभर चालल्यावर मात्र ती एक खांदा दुखविते. माझे मत विचाराल तर ज्या पिशवीतून उभ्या उभ्या एका हाताने कॅमेरा बाहेर येत नाही, ती विद्यार्थ्याच्या कामाची नाही. दुकानात हा प्रयोग अवश्य करावा. आपला कॅमेरा बरोबर न्यावा, पिशवीत घालावा, पिशवी खांद्याला लावून चार पावले चालावे, खाली वाकावे (वाकल्यावर पुढे घसरून तोंडावर येणाऱ्या पिशव्या मी पाहिल्या आहेत), मग दहा आकडे मोजावयाच्या आत कॅमेरा डोळ्याला लागतो का ते पाहावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या एका वर्तमानपत्राचे छायाचित्रकार जिम डोम्की यांना हीच अडचण होती. त्या काळच्या पेटीसारख्या ताठ, जाड पिशव्या धावपळीत नकोशा होत. १९७० च्या दशकात त्यांनी जाड सुती कॅनव्हासची, जवळजवळ अस्तराविना, अंगाला लपेटून बसणारी मऊ पिशवी आखली व शिवून घेतली. ती इतर वृत्तछायाचित्रकारांना इतकी आवडली की पुढे तिचा धंदाच झाला. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम या कारखान्याची कथा याहून मौजेची आहे. १९७३ मध्ये तो सुरू झाला तो मासे धरणाऱ्यांच्या पिशव्या शिवण्यासाठी! काही वर्षांनी मालकांच्या ध्यानात आले की, न्यूयॉर्कमधले छायाचित्रकार त्या पिशव्या विकत घेऊन कॅमेऱ्यासाठी वापरीत आहेत. नदीकाठी पावसात उभे राहणाऱ्याला जे हवे तेच छायाचित्रकारालाही हवे होते. म्हणजे पिशवी, पाणी आत न जाणारी आणि ओल्या हाताने चटकन उघडता येणारी. त्या पिशव्यांच्या कापडात दोन थरांच्या मध्ये रबराचा पातळ थर असतो. आपल्याकडील रेनकोटाचे रबरी कापड ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची कल्पना येईल.

पाण्याविषयी दुकानात जे सांगतात ते सारे खरे मानू नये. कापडातून पाणी जात नाही म्हणून पिशवीत पाणी जात नाही असे नव्हे. सुईने जेथे जेथे भोक पाडले तेथून पाणी झिरपते, आणि चेनमधून तर सरळ जाते. घरी आणल्यावर पिशवीत कोरडी वर्तमानपत्रे भरावीत, ती न्हाणीघरात ठेवून तिच्यावर पाच मिनिटे तांब्यातांब्याने पाणी ओतावे आणि मग पत्रे काढून पाहावीत. कोठे डाग पडला ते कळते. वरची झडप दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी असेल तर चेनवर पाणी थेट पडत नाही. वेगळे आच्छादन असल्यास उत्तमच. पण ते पिशवीला शिवलेले किंवा बंदाने बांधलेले असावे. सुटे आच्छादन पहिल्या वाऱ्यात तिलारीच्या दरीत जाते. हा अनुभव माझा नव्हे, पण मी तेथे उभा होतो.

आता फोम. तो किती जाड असावा, याचे उत्तर दहावीच्या पदार्थविज्ञानात आहे. पडणारी वस्तू जितक्या अंतरात थांबते तितका तिला धक्का कमी किंवा अधिक बसतो. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की सरासरी धक्का वस्तूच्या वजनाच्या साधारण किती पट ते मिळते. कॅमेरा पाऊण मीटर उंचीच्या बाकावरून शहाबादी फरशीवर उघडा पडला व एका मिलिमीटरात थांबला, तर धक्का साडेसातशे पट. तोच फोममध्ये एक सेंटीमीटर दबून थांबला, तर पंचाहत्तर पट. एवढ्याने कॅमेरा वाचेलच असे मी म्हणत नाही. पण दहापट फरक एका सेंटीमीटराने पडतो, हे विसरू नये. यात एक मेख आहे. फोम दबला तरच उपयोग. अगदी मऊ स्पंज सगळाच्या सगळा दबून जातो व शेवटी वस्तू जमिनीवर आपटतेच. अगदी कडक फोम मुळी दबतच नाही. अंगठ्याने जोराने दाबल्यावर निम्मा दबावा आणि सोडताच परत फुगावा, तो फोम योग्य. ज्याची छिद्रे आतून बंद असतात तो फोम पाणीही पीत नाही. तोच मागून घ्यावा. साधा पिवळा स्पंज काही वर्षांनी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि तो भुगा भिंगाच्या फटीत शिरतो. तळाला व कोपऱ्यांना फोम अधिक हवा, कारण पिशवी ठेवताना नेहमी तळच आपटतो. झाकणाला फारसा लागत नाही. दोन भिंगांच्या मध्ये मात्र एक भिंत हवीच, नाही तर ती एकमेकांवर खडखडतात आणि बाहेरच्या धक्क्याची गरजच उरत नाही.

रंगाचे थोडक्यात सांगतो. बाहेरून पिशवी साधी, मातकट रंगाची असावी. मोठ्या अक्षरात कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव मिरविणारी पिशवी स्थानकावर चोराला दुरून ओळख देते. आतून अस्तर फिकट असावे, कारण भिंगाची टोपणे काळी असतात आणि काळ्या अस्तरात ती सापडत नाहीत. मेमरी कार्डे बाहेरच्या खिशात ठेवू नयेत. चित्रे तीत असतात, कॅमेरा पुन्हा मिळेल पण ती मिळणार नाहीत. सुट्या बॅटरीची टोके किल्ल्या वा नाणी यांना लागणार नाहीत अशी वेगळी जागा हवी. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

हे सारे ठरल्यावर आम्ही बाजारात हिंडलो. ज्या पिशव्या मनासारख्या होत्या त्या मंडळाच्या शिलकीत बसत नव्हत्या, आणि ज्या बसत होत्या त्यांचे पट्टे पाहूनच परत आलो. शेवटी शहापुरात ताडपत्री व रिक्षांची आच्छादने शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. त्यांनी आमचे कागदावरचे माप पाहिले, कॅमेरा हातात घेऊन त्याचे वजन अजमावले आणि म्हणाले, ‘सर, एवढा फोम चहूकडून घातला तर कॅमेऱ्याला जागा कुठं ठेवलीसा?’ खरोखरच आम्ही मापे बाहेरून घेतली होती. त्यांनी खडूने नवे माप आखले, तळाला दीड सेंटीमीटर फोम व बाजूंना एक असे ठरविले, आणि झडपेला चेनऐवजी दोन पितळी बकले लावण्याचा आग्रह धरला. चेन एकदा बिघडली की सगळी पिशवी निकामी होते, बक्कल मात्र कोणताही चांभार बदलून देतो, असे त्यांचे म्हणणे. आतल्या भिंती त्यांनी वेल्क्रोने चिकटणाऱ्या केल्या, म्हणजे सामान बदलले तर जागाही बदलता येते. अस्तराला पिवळट पांढरे सुती कापड घातले. झडप उघडी ठेवून पिशवी टांगता यावी म्हणून मागे एक कडी लावून घेतली. ही एकच मागणी माझी होती.

पिशवी तयार झाली तेव्हा तिचे वजन आठशे ग्रॅम भरले. पाण्याच्या परीक्षेत तिच्या डाव्या कोपऱ्याला वर्तमानपत्रावर रुपयाएवढा डाग पडला. काकांनी तेथे आतून मेण लावून दिले आणि दुसऱ्या वेळी पत्र कोरडे निघाले. तिपाईचे पट्टे मात्र आखूड झाले आहेत, ते वाढवून घ्यावयाचे आहेत.

ती पिशवी प्रयोगशाळेच्या दाराशी खिळ्याला उघडी टांगलेली असते. ती रिकामी असते, म्हणून कोणी ‘कॅमेरा चोरीस गेला’ अशी ओरड करू नये. कॅमेरा व भिंगे आतल्या कपाटात पारदर्शक डब्यात आहेत. डब्यातला आर्द्रतामापक दर सोमवारी वाचून त्याचा आकडा शेजारच्या वहीत लिहावयाचा आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ज्यांना सामान हवे असेल त्यांनी परत करताना पिशवी ओली आहे की कोरडी, एवढा एक शब्द सहीपुढे लिहावा.